आधार, गरजेपुरता

"ताई, ती पट्टी आपोआप विरघळून जाईल अशी नाय का करत कोणी?"

तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर आमच्या बचतगटाची बैठक चालली होती. हप्ते जमा झाले होते, वहीत सह्या-अंगठे चालू होते, आणि कुडाला टेकून बसलेल्या एका बाईने गालावर पदर धरून हा प्रश्न टाकला. बाकीच्या बायका खो खो हसल्या. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. पट्टी काय साबणाची वडी आहे विरघळायला! पण रात्री डहाणूला घरी आल्यावर भांडी विसळताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

ही बाई चिकूच्या वाडीत मजुरीला जाते. दोन वर्षांपूर्वी तिचा खालचा जबडा मोडला होता. शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, हाडावर धातूची छोटी पट्टी स्क्रूने बसवली. हाड जुळलं, भाकर चावता येऊ लागली, बाई कामालाही लागली. पण यंदाच्या पावसाळ्यात त्याच जागी हिरडीखाली सूज आली, पू झाला. डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय. पट्टीचं काम आता संपलं. ती काढून टाकू." म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा दवाखाना, पुन्हा आठ-दहा दिवसांची मजुरी बुडणार. दोन पोरं, एक म्हैस, घरी कोण बघणार? म्हणून ती मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस ढकलत होती. आणि गालावर पदर धरून विचारत होती की काम संपल्यावर पट्टीने आपली आपण का जाऊ नये?

मी पडले कला शाखेची. हाडांचं आणि रसायनांचं मला काय कळणार? पण माझी भाची दंतवैद्यकाचं शिक्षण घेतलेली आहे. तिला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, तुझ्या त्या बाईने जो प्रश्न विचारला ना, तोच प्रश्न शास्त्रज्ञांनी साठ वर्षांपूर्वी विचारलाय. आणि त्याचं उत्तरही बरंचसं सापडलंय."

मग काय, महिनाभर मी तिचं डोकं खाल्लं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगते आहे. कारण मैत्रिणींनो, हा विषय वाटतो तितका लांबचा नाही. आपल्या या पट्ट्यातून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा सगळ्या देशाला या रस्त्याचं नाव कळलं. आपल्याला ते आधीपासून माहीत होतं. महालक्ष्मीच्या यात्रेला एका मोटरसायकलवर तिघं-चौघं जाणारी आपलीच माणसं. हेल्मेट घरी खुंटीवर. पडलं की पहिला मार बसतो तो तोंडाला.

आणि तोंड म्हणजे पाय नव्हे. पायाचं हाड मोडलं तर प्लास्टर घालून महिना-दीड महिना खाटेवर पडता येतं. तोंडाला प्लास्टर कसं घालणार? खायचं त्याच तोंडाने, बोलायचं त्यानेच, श्वासाची वाटही तीच. शिवाय चेहरा म्हणजे आपली ओळख. पाऊलभर लंगडणाऱ्या माणसाला लोक विसरतात, वाकडा झालेला चेहरा मात्र रोज आरशात आपल्यालाच आठवण करून देतो.

चेहरा दुरुस्त करण्याचं काम आपल्याकडे फार जुनं आहे, हे मला या निमित्ताने कळलं. टिपू सुलतानाबरोबरच्या लढाईत इंग्रज फौजेच्या बैलांचा एक गाडीवान पकडला गेला, आणि त्याचं नाक कापण्यात आलं. त्याचं नाव कावसजी. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत चित्रासकट लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, आणि युरोपातल्या शल्यवैद्यांनी त्यावरून धडे घेतले. कातडीचं काम असं आपल्याकडून तिकडे गेलं. हाडाचं काम मात्र कितीतरी वर्षं अडून राहिलं होतं.

पूर्वी जबडा मोडला की वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकत. चार ते सहा आठवडे तोंड बंद. पेज, डाळीचं पाणी, दूध, जे काही दातांच्या फटीतून आत जाईल तेवढंच. आजही काही वेळा असं करावं लागतं. त्यानंतर आल्या धातूच्या पट्ट्या. १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या डॉक्टरांनी लहानशा पट्ट्या आणि बारीक स्क्रू वापरून जबडा जोडण्याची पद्धत बसवली. पुढे त्यासाठी टायटॅनियम हा धातू सगळीकडे रूढ झाला. तो गंजत नाही, शरीर सहसा त्याच्यावर चिडत नाही, आणि तोंड बांधून ठेवावं लागत नाही. हे मोठंच सुख झालं. म्हणून आधीच सांगते, ज्यांच्या तोंडात अशी पट्टी आहे त्यांनी उगाच घाबरू नये. बहुतेकांच्या बाबतीत ती आयुष्यभर गुपचूप बसून राहते. पण काहींच्या बाबतीत तिथे पू होतो, कुणाला कातडीखाली हाताला लागते, कुणाला थंडीच्या दिवसांत तिथे गारवा बोचतो. मग ती काढावी लागते. आमच्या त्या बाईचं नेमकं हेच झालं होतं.

आता विरघळण्याकडे येऊ. बाळंतपणात ज्यांना टाके पडले असतील त्यांनी आठवून पाहा. नर्सबाई काय म्हणाल्या होत्या? "हे टाके काढायला यायला नको, आपोआप विरघळतात." त्या दोऱ्यावर आपण विश्वास ठेवलाच ना? पूर्वी असा दोरा मेंढीच्या आतड्यापासून करत. १९७० च्या सुमारास प्रयोगशाळेत तयार केलेला विरघळणारा दोरा बाजारात आला. हाडाची पट्टी म्हणजे त्याच दोऱ्याची थोरली बहीण.

पण बाळंतपणाच्या टाक्याला दोन-तीन आठवडे धरून राहिलं की पुरतं. हाडाला तेवढ्याने भागत नाही. चेहऱ्याचं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढा काळ पट्टी घट्ट राहिली पाहिजे, आणि त्यानंतर मात्र हळूहळू निघून गेली पाहिजे.

हे ऐकताना मला माझ्या सासूबाई आठवल्या. वाडीत रायणीच्या खुंटावर बांधलेलं चिकूचं कलम लावलं की त्या शेजारी कारवीची काठी रोवायच्या. म्हणायच्या, "काठी काढायची नसते गं. दोन पावसाळ्यांत ती आपोआप कुजते, तोवर खोड धरतं. पण वेळेआधी कुजली तर कलम कलतं. आणि काठीऐवजी तार बांधलीस नि सोडायची विसरलीस, तर ती खोडात रुतते." भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, आमच्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण आजींनी दोन वाक्यांत सांगितलं!"

या पट्टीची काठी कशाची करायची, ते शोधायला शास्त्रज्ञांना कुठे जावं लागलं असेल? दह्याकडे! दही आंबट होतं ते ज्या आम्लामुळे, त्याचं नाव लॅक्टिक आम्ल. १७८० साली स्वीडनच्या शीले नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं. आपण धावपळीचं काम केलं की आपल्या स्नायूंतही हेच आम्ल तयार होतं. म्हणजे शरीराला ते अनोळखी नाही. मण्यांची माळ ओवावी तसे या आम्लाचे कण एकापुढे एक जोडले, की त्यापासून टणक, प्लास्टिकसारखा पदार्थ होतो. शरीरातलं पाणी ही माळ मण्यामण्याने सोडवत जातं. सुटलेले मणी शरीर नेहमीच्या खाण्यासारखे वापरून टाकतं, आणि शेवटी उरतं ते पाणी आणि श्वासावाटे बाहेर जाणारा कार्बन डायऑक्साइड वायू. मागे काही राहत नाही.

हा पदार्थ ऑपरेशनसाठी वापरता येईल का, याची पहिली मोठी तपासणी १९६६ मध्ये छापून आली. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत हे काम झालं. युद्धात चेहऱ्याला, जबड्याला जखमा झालेले सैनिक त्यांच्यापुढे होते, त्यामुळे त्यांना याची निकड. आणि त्या शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं असेल? कुलकर्णी! आर. के. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी. आपल्याकडचं आडनाव बघून मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरातून यजमानांना हाक मारून सांगितलं. त्यांनी गिनीपिग आणि उंदरांच्या शरीरात हा पदार्थ ठेवून पाहिला. अपाय झाला नाही, आणि तो हळूहळू नाहीसा होत गेला. पुढे १९७१ मध्ये माकडांचे मोडलेले जबडे या पदार्थाने जोडून पाहण्यात आले. हाडं जुळली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण कुठलंही चांगलं काम एका फटक्यात होतं का? १९८७ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी गालाचं हाड मोडलेल्या दहा माणसांना या पदार्थाच्या पट्ट्या बसवल्या. हाडं उत्तम जुळली, सगळे खूश. पण तीनेक वर्षांनी त्यांतल्या काहीजणांचा गाल सुजून परत आला. तपासल्यावर कळलं, पट्टी तुटली होती पण पुरती विरघळली नव्हती. तिचे बारीक, कडक कण तिथेच अडकून राहिले होते. सासूबाईंच्या भाषेत सांगायचं तर काठी कुजली, पण तिच्या ढलप्या रुतून बसल्या.

मग उपाय निघाला तो मिश्रणाचा. उसाच्या रसात सापडणारं ग्लायकोलिक नावाचं दुसरं एक आम्ल आहे. त्याची माळ फार लवकर सुटते, लॅक्टिकची फार उशिरा. आपण इडलीला डाळ-तांदळाचं प्रमाण एक ठेवतो आणि डोशाला दुसरं, तसं या दोघांचं प्रमाण बदलून पाहिलं गेलं. लॅक्टिकचे ८२ भाग आणि ग्लायकोलिकचे १८ भाग घेऊन केलेल्या पट्टीला १९९६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. पहिले सहा-आठ आठवडे ती पुरेसा जोर धरते, आणि साधारण वर्षभरात नाहीशी होते. बसवतानाही गंमत असते. ही पट्टी गरम करून मऊ करतात, चेहऱ्याच्या वळणाप्रमाणे वाकवतात, आणि गार झाली की ती तशीच ताठ राहते. जपानमध्ये त्याच्याही पुढे जाऊन हाडातलंच खनिज या पदार्थात मिसळून पट्ट्या केल्या गेल्या, म्हणजे पट्टी विरघळताना त्या जागी हाड धरायला मदत व्हावी.

विरघळणारा धातूही आहे, हे ऐकून तर मी थक्कच झाले. मॅग्नेशियम. १९०७ मध्ये बेल्जियमचे डॉक्टर लांबोट यांनी मोडलेल्या पायाला मॅग्नेशियमची पट्टी लावली होती. ती अवघ्या आठ दिवसांत विरघळली आणि कातडीखाली वायूचा फुगा झाला! घाई झाली होती. आता त्यात इतर धातू मिसळून त्याचा वेग कमी केलाय. जर्मनीत तयार झालेल्या अशा स्क्रूंना २०१३ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. चेहऱ्यासाठी त्यावर अभ्यास चालू आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रात? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमावर काम केलंय. आपल्या पैठणीतलं रेशीम, तेच! रेशमाच्या कोशात फायब्रॉइन नावाचं प्रथिन असतं. ते वेगळं काढून त्याचे बारीक कण जोडले, की जाळीदार तुकडा तयार होतो. हाडात जिथे पोकळी पडली असेल तिथे तो भरायचा. जाळीच्या भोकांतून नवं हाड वाढत जातं, आणि रेशीम सावकाश विरघळत जातं. त्यांचा यावरचा शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि हे साहित्य रुग्णांपर्यंत नेण्यासाठी याच मंडळींनी पुण्यात कंपनीही काढली. ही जबडा धरून ठेवणारी पट्टी नव्हे, पोकळी भरण्याचं साहित्य आहे, हा फरक लक्षात ठेवायला हवा. अमेरिकेत २०१४ मध्ये रेशमाचे चक्क स्क्रू करून उंदरांच्या हाडात बसवून पाहिले आहेत. पण आपल्याकडे, पुण्यात, कोशाच्या धाग्यातून हाडाला आधार देण्याचं काम एक बाई पुढे राहून करतेय, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनाच विरघळणारी पट्टी का बसवत नाहीत? मीही भाचीला हेच विचारलं. तिने सरळ सांगितलं, "मावशी, ती धातूपेक्षा जाड असते, तिचा स्क्रू बसवताना मोडण्याची भीती जास्त, आणि किंमत बरीच जास्त. खालच्या जबड्यावर चावण्याचा जोर मोठा पडतो, तिथे मोठ्या माणसाला बहुतेक डॉक्टर टायटॅनियमच पसंत करतात. तिचा खरा उपयोग लहान मुलांना."

लहान मुलांना का, ते मला याच पाड्यावर समजलं.

त्या बाईच्या शेजारच्या घरातली आजी आमच्या गटात आहे. तिचा सात वर्षांचा नातू बापाच्या मोटरसायकलवर पुढे टाकीवर बसून येत होता. खडीवरून गाडी घसरली, पोराची हनुवटी आपटली. जवळच्या एका दवाखान्यात हनुवटीला चार टाके घातले, इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. तोंड उघडून कोणी बघितलं नाही. सहाव्या दिवशी आजी मला म्हणाली, "पोऱ्या भाकर चावत नाय. नुसती पेज पितो." मी त्याला म्हटलं, आ कर बघू. एक बोट जाईल इतकंच तोंड उघडलं. खालचे दात वरच्यांशी जुळत नव्हते. त्याच दिवशी आम्ही निघालो.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढला. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. एक हनुवटीच्या बाजूला, आणि दुसरा कानाजवळच्या सांध्यापाशी. मार हनुवटीला बसतो आणि हाड वर कानाजवळ मोडतं, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर म्हणाले, "हनुवटी फुटलेल्या पोराचा कानाजवळचा सांधा तपासायलाच हवा. तो दुर्लक्षित राहिला तर काही महिन्यांत सांधा कवटीला चिकटून बसतो. तोंड उघडत नाही, खाणं होत नाही, दात घासता येत नाहीत, आणि त्या बाजूचा जबडा वाढतही नाही. मोठेपणी हनुवटी आत गेलेली, चेहरा वाकडा. अशी कितीतरी मुलं आमच्याकडे फार उशिरा येतात."

पट्टीचं विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं. सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यात पक्के दात हिरडीखाली कळ्यांसारखे दडलेले असतात. स्क्रू चुकीच्या जागी गेला तर त्या कळ्यांना धक्का लागतो. आणि हाड वाढतं आहे. वाढत्या हाडावर धातूची पट्टी कायमची ठेवली तर हाड तिच्याभोवती वाढत जातं. सासूबाईंची ती खोडात रुतलेली तार! म्हणून मुलांना धातू लावलाच तर बहुधा पुन्हा ऑपरेशन करून काढतात. अशा वेळी विरघळणाऱ्या पट्टीची किंमत वसूल होते, कारण दुसरं ऑपरेशन वाचतं. पण या पोराचं हाड फारसं सरकलं नव्हतं. त्यामुळे डॉक्टरांनी कुठलीच पट्टी लावली नाही. दातांवर टोपीसारखा साचा बसवून तो तारेने तीन आठवडे बांधून ठेवला. त्यात तोंड उघडता येत होतं, म्हणून सांध्याचा व्यायामही लगेच चालू झाला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, दर दोन दिवसांनी एक वाढवायची. आजी रोज मोजायची.

निघताना डॉक्टर म्हणाले, "मुलांचं हाड फार भराभर जुळतं. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर ते वाकडंच जुळलं असतं. मग कुठली पट्टी आणि कसलं काय."

मैत्रिणींनो, पुण्यापासून जपानपर्यंत माणसं पट्टी कधी विरघळावी याचे दिवस मोजताहेत. आणि आपण मात्र "सूज उतरेल, मग बघू" म्हणत ते दिवस घरी बसून घालवतो. जगातली सर्वांत चांगली पट्टीसुद्धा वेळेत पोचलेल्यालाच उपयोगी पडते. म्हणून काही गोष्टी पाठ करून ठेवा.

तोंडावर मार बसल्यावर स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. दात नेहमीसारखे एकमेकांवर बसतात का पाहा. गाल किंवा खालचा ओठ बधिर झालाय का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, नाकातून पाण्यासारखं काही गळतंय का, हे विचारा. यातलं एकही असेल तर टाके घालून घरी यायचं नाही, तोंडाचा फोटो काढायला सांगायचं. गालाला किंवा डोळ्याजवळ मार असेल तर नाक जोरात शिंकरायचं नाही. आणि एक खास लहान मुलांसाठी: डोळ्याला मार लागला, डोळा बाहेरून अगदी पांढरा स्वच्छ दिसतोय, पण वर बघायला सांगितलं की पोराला दुखतं, उलटी येते, तर ते डोक्याचं किंवा पोटाचं समजून थांबू नका. डोळ्याच्या खोबणीचं पातळ हाड फाटून त्यात स्नायू अडकलेला असू शकतो. तिथे एक-दोन दिवसांचाच अवधी असतो.

माणूस बेशुद्ध असेल किंवा तोंडातून खूप रक्त येत असेल तर त्याला उताणं झोपवू नका, रक्ताने श्वास कोंडतो. मानेला झटका न देता कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात खर्चाचं कळलं की घाबरून परत फिरू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायला लाजू नका. पट्टी लागणारच आहे का? लागली तर ती काढावी लागेल का? आणि मूल लहान आहे, तर विरघळणारी मिळेल का? आपण विचारलं नाही तर आपल्याला कोण सांगणार?

आता त्या बाईचं राहिलंच. तिचा जबडा कसा मोडला, ते मी वर लिहिलं नाही. ती सगळ्यांना "विहिरीवर पाय घसरला" असंच सांगत आली होती. मीही दोन वर्षं तेच खरं धरलं. पट्टी काढायला मी तिच्याबरोबर गेले. तिथल्या लेडी डॉक्टरने नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं, मलाही, आणि दार लोटून घेतलं. दहा मिनिटांनी दार उघडलं तेव्हा बाई रडत होती. घरी येताना बसमध्ये तिने मला सांगितलं. विहीर नव्हती, मूठ होती.

मोडलेल्या हाडाचं खरं कारण डॉक्टरला कळलं नाही, तर ते नुसतं हाड जोडतात, आणि बाई पुन्हा त्याच घरात जाते. नव्या पट्टीवर पुन्हा तीच मूठ. घरातल्या हिंसेविरुद्धचा कायदा २००५ सालापासून आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे. आमच्या गटातल्या सात जणी तिच्या घरी जाऊन बसल्या. बोलल्या कमी, बसल्या जास्त. आता दर आठवड्याला कोणी ना कोणी तिच्याकडे जाते. संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार द्यायची की नाही हे ती ठरवेल. ज्या दिवशी ती तयार होईल, त्या दिवशी आम्ही बरोबर असू.

ऑपरेशनसाठी गटाच्या अंतर्गत कर्जातून पैसे दिले होते. त्याचा पहिला हप्ता घेऊन ती मागच्या बैठकीला आली. गालावर पदर नव्हता. कमरेच्या पिशवीतून तिने औषधाची छोटी बाटली काढली. डॉक्टरांनी काढलेली पट्टी तिला धुऊन दिली होती. बाटली हातोहात सगळीकडे फिरली. केसांच्या आकड्यापेक्षाही लहान, चार भोकं, अजून चकचकीत.

"एवढीच?" कोणीतरी म्हणालं.

"एवढीच," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ताई, तू त्या पुण्याच्या बाईंचं सांगितलं होतंस ना, रेशमाच्या? त्यांना म्हणावं, लवकर करा. आणि आमच्या तलासरीपर्यंत येऊ द्या."

म्हणून हे लिहिलं.